एका फेरीत सासूबाई

दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत उरकायचं, एवढंच पालुकु मास्तरांनी त्या शनिवारी सकाळी ठरवलं होतं. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. पण त्या दिवसापासून बुटेंबो शहरातल्या टेकडीच्या उतारावर मास्तर दिसले की बायका आपापल्या टोपल्या जवळ ओढून घेतात.

मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. बल, वस्तुमान आणि त्वरण या तिघांवर त्यांची अशी हुकमत होती, की फळ्यावरची एकही वस्तू त्यांच्या परवानगीशिवाय जागची हलत नसे. फळ्याबाहेरच्या वस्तूंशी मात्र त्यांचा फारसा संबंध आलेला नव्हता. (घरचं पाणी काविरा, म्हणजे त्यांची बायको, भरून आणायची. तिला सातवा महिना लागल्यावर शेजारीण आणू लागली. मास्तर मार्गदर्शन करत.)

आता काविराला आठवा सरून नववा लागत होता. पहिलंच बाळंतपण. दिवसा ती हसायची, बोलायची, आणि मधेच एकदम गप्प होऊन पोटावर हात ठेवून बसायची.

"मला भीती वाटते हो," ती एकदा म्हणाली.

"कसली भीती? मी आहे ना!" मास्तर म्हणाले.

"तीच," काविरा म्हणाली, आणि रडायला लागली. "मला आई हवी."

आई, म्हणजे मास्तरांच्या सासूबाई, टेकडीच्या वर राहायच्या. चालत फार तर अर्धा तास. पण लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्यांनी लेकीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मास्तरांनी लग्नात रीतीप्रमाणे मुलीच्या घरी बारा बोकड दिले होते, त्यातला एक लंगडा निघाला. मास्तरांचं म्हणणं, तो वाटेत लंगडा झाला. सासूबाईंचं म्हणणं, जो माणूस अकरा आणि एक एवढं मोजताना लंगड्याचा चांगला करतो, तो पोरांना गणित काय शिकवणार? तेव्हापासून दोघांत बोलणं म्हणजे नमस्कारापुरतं, तोही लांबून.

काविराने निरोपावर निरोप धाडले. अखेर वरून उत्तर आलं. एक महिना येते. सासूबाईंचं नाव मासिका, तेव्हा मुक्कामही मासिकच, असं मास्तर मनातल्या मनात म्हणाले आणि स्वतःच हसले. पण निरोपाला शेपूट होतं. जावयाने स्वतः न्यायला यायचं, हमाल पाठवायचा नाही. माझं सामान, मी आणि माझा कोंबडा, सगळं धड खाली पोचलं पाहिजे. वाटेत काही वेडंवाकडं झालं, तर मी तिथूनच मागे फिरेन आणि पुन्हा या जन्मी उतरणार नाही.

"ऐकलंत ना?" काविरा म्हणाली. "आई बोलते तसं करते. आज ती आली नाही, तर मी एकटी बाळंत होणार."

बायकोवर त्यांचा जीव होता. तो दाखवायचा कसा, हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं एवढंच. ते ताडकन उठले आणि शेजारच्या कासेरेकाकडे चुकुडू मागायला गेले.

चुकुडू म्हणजे लाकडाची दोनचाकी ढकलगाडी. चाकंही लाकडी, एकामागे एक, त्यावर जुन्या टायरची पट्टी ठोकलेली, पुढे बैलाच्या शिंगांसारखा दांडा, मधे माल ठेवायची फळी. मागच्या चाकावर रबराचा एक तुकडा लोंबत असतो. तो पायाने दाबायचा. तोच ब्रेक. अख्खं बुटेंबो या गाडीवर चालतं. बटाटा, कोबी, कोळसा, सिमेंट, सगळं टेकडीवरून चुकुडूनेच खाली येतं. (नावातच चूक आहे, हे मास्तरांना तेव्हा कुणी सांगायला नव्हतं.)

कासेरेका पंधरा वर्षं चुकुडू चालवत होता. फळीवर टेकून टेकून उजव्या गुडघ्यावर त्याला घट्टा पडला होता, डाव्यावर तीन जुन्या जखमांचे वण.

"मास्तर, मी आणतो म्हातारीला," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं सोबत चाला."

"हमाल चालणार नाही. तशी अट आहे."

"मग दोन फेऱ्या करा. आधी सामान, मग म्हातारी. भरलेला चुकुडू उतारावर कुणाचं ऐकत नाही."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. हा चष्मा वर सरकला, की वर्गातली पोरं वही बंद करून मान खाली घालतात. कासेरेकाला ते ठाऊक नव्हतं.

"कासेरेका, मला सांग, रिकामी गाडी ढकलली तर कशी पळते?"

"सुसाट."

"आणि तेवढाच जोर लावून भरलेली ढकलली तर?"

"जागची हलत नाही."

"मग! बल तेवढंच, वस्तुमान वाढलं, तर त्वरण कमी. म्हणजे गाडीवर जितकं जास्त सामान, तितकी ती सावकाश चालणार. तुम्ही लोक इतकी वर्षं उगाच घाबरता. धोका रिकाम्या गाडीला आहे."

कासेरेकाने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"असं असेल तर मास्तर," तो म्हणाला, "माझे गुडघे कशाने फुटले?"

"अज्ञानाने," मास्तर म्हणाले.

तरी कासेरेका भला माणूस. तो म्हणाला, मी मागून दोर धरतो, तुम्हाला बरं पडेल. मास्तरांनी त्याचं मन मोडायला नको म्हणून होकार दिला.

वर सासूबाई दारातच उभ्या होत्या. काखेत कोंबडा, डोक्याला नवा फडका. त्यांच्यात जावयाने सासूच्या अंगाला हात लावायचा नसतो, डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो. त्यामुळे मास्तर कोंबड्याकडे बघून बोलत होते आणि सासूबाई नीलगिरीच्या झाडाकडे बघून उत्तर देत होत्या.

"काय काय घ्यायचं आई?"

"घेण्यासारखं पुष्कळ आहे. पण नेणाऱ्यात दम आहे का, ते बघायचं."

एवढं बोलणं पुरलं. मास्तरांनी घेवड्याचं पोतं चढवलं. मग दुसरं चढवलं. मग पाटा, उखळ, मुसळ, सहा पातेली. प्रत्येक वस्तू चढली, की ते गाडीला किंचित ढकलून बघत. गाडी आधीपेक्षा कमी हलली, की त्यांचा चेहरा खुलायचा.

"अजून ठेवा आई! संकोच करू नका. जितकं जड तितकं बरं!"

सासूबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा जावयाकडे जरा आदराने पाहिलं. (म्हणजे त्यांच्या चपलांकडे.) त्या आत गेल्या आणि शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन सागवानी पलंग बाहेर आणला.

कासेरेकाने डोक्याला हात लावला. "मास्तर, पलंग दुसऱ्या फेरीत."

"एकाच फेरीत," मास्तर म्हणाले. "पलंगाने उलट आपण जास्त सुरक्षित होऊ."

"आणि मी?" सासूबाईंनी झाडाला विचारलं. "मी चालत येऊ? या गुडघ्यांनी?"

मास्तरांनी क्षणभर हिशेब केला. सासूबाईंचं वस्तुमान भरपूर होतं. "तुम्ही वर बसा आई," ते मनापासून म्हणाले. "तुम्ही बसलात की मग काळजीच नाही."

सासूबाई पलंगावर पुढे तोंड करून बसल्या. मास्तर मागे फळीच्या टोकावर उभे राहिले, एक पाय ब्रेकच्या रबरावर. पुढे पलंग, त्यावर सासूबाई, त्यांच्या डोक्यावर फडका. मास्तरांना रस्ता सोडून सगळं दिसत होतं. मागे कासेरेका, गाडीला बांधलेला दहा हात दोर कमरेमागून घेऊन, टाचा रोवून उभा.

पहिली पन्नास पावलं गाडी खरोखर सावकाश उतरली. मास्तरांना धन्य वाटलं. सोमवारी वर्गात हे उदाहरण द्यायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

"जावईबापू," सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही बरे निघालात."

तीन वर्षांत ऐकलेलं हे पहिलं गोड वाक्य. मास्तरांचे डोळे भरून आले. नेमकं तेव्हाच ते झालं.

आता हे समजून घ्या, की बुटेंबोत घरातल्या तिसऱ्या मुलाचं नाव कासेरेका असतं. दर घरी. पहिला पालुकु, दुसरा काम्बाले, तिसरा कासेरेका, वादच नाही. शनिवारच्या बाजाराला त्या उतारावर पाच-पंचवीस तरी कासेरेका असणारच. त्यातला एक कासेरेका तिथंच कडेला एका आडमुठ्या बोकडाशी झुंजत होता. बोकड मागे ओढत होता, हा पुढे ओढत होता, आणि बोकडाच्या गळ्याला फास बसत चालला होता. त्याची बहीण पलीकडून गळा काढून ओरडली,

"कासेरेका! सोड! सोड ती दोरी, मरेल ना तो!"

आमचा कासेरेका गुणी. बाईमाणसाने एवढ्या काकुळतीने सांगितलेलं त्याने आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. त्याने दोरी सोडली. बोकडवाल्याने धरून ठेवली.

मास्तरांना आधी काहीच कळलं नाही. फक्त रस्त्याकडेची झाडं जरा घाईत असल्यासारखी वाटली. मग चष्म्यावर वारा लागू लागला. मग पातेली वाजू लागली. मागे वळून बघतात तो कासेरेका लांब, लहान, हात वर करून उभा, आणि दोराचं टोक मातीतून वळवळत त्यांच्या मागे पळतंय.

मास्तर ओरडले,

"कासेरेका! पकड!"

उतारावरच्या यच्चयावत कासेरेकांनी जे हाती लागलं ते पकडलं. एकाने खांब पकडला, एकाने कोबी पकडला, एकाने शेजारणीचा हात पकडला आणि त्याच्या मुस्कटात बसली. गाडी कुणीच पकडली नाही.

मास्तरांनी ब्रेकवर दुसराही पाय दिला. रबर किंचाळलं. धूर निघाला. चपलेचा तळ वितळून चिकटला आणि चप्पल मागे राहिली. गाडीच्या वेगात काडीचाही फरक पडला नाही.

आणि त्या क्षणी, जावयांच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट क्षणी, मास्तरांना नियम समजला. नऊ वर्षं शिकवत होते, समजला आज. ढकलणारा तोच असेल तर वजनाने गाडी मंदावते, हे खरंच. पण उतारावर ढकलणारा मास्तर नव्हे, खुद्द वजन! दोन पोती, पाटा, उखळ, पलंग आणि सासूबाई, जेवढं वस्तुमान वाढलं, तेवढंच ओढणारं बलही वाढलं होतं. सगळ्या गाडीत न वाढलेली एकच गोष्ट होती. मास्तरांचा पाय. तो सकाळी होता तेवढाच होता, आणि एवढ्या वस्तुमानापुढे त्याचं त्वरण, म्हणजे थांबवण्याचं, शून्याच्या आसपास येत होतं. ते मनातल्या मनात ओरडले, वजन वाढवलं ते मीच. अजून ठेवा, म्हणालो. तुम्ही बसा, म्हणालो.

"जावईबापू! हळू!"

"प्रयत्न चालू आहे आई!"

"कसला? मला मारायचा?"

कडेला मास्तरांच्याच वर्गातल्या दोन मुली कृष्णफळं विकत बसल्या होत्या. गाडी वाऱ्यासारखी गेली. एक आदराने उठून उभी राहिली. दुसरी ओरडली, "सर, त्वरण एकसमान आहे का?" हुशार मुलगी. उत्तर द्यायला सर थांबू शकले नाहीत.

"रस्ता दिसत नाही मला!" मास्तर ओरडले. "आई, तुम्ही सांगा!"

"डावीकडे!"

मास्तरांनी जीव खाऊन अंग झोकलं आणि गाडी डावीकडे वळवली.

"अहो डावीकडे बायका बसल्यात म्हणाले! डावीकडे वळा नाही म्हणाले!"

"मग उजवीकडे?"

"उजवीकडे मोटारसायकली!"

"मग कुठे?"

"हे मला विचारता? नेणारे तुम्ही!"

बायकांनी टोपल्या उचलल्या आणि अशा उड्या मारल्या, की त्यातल्या काहींची पोरंही थक्क झाली. गाडी एका गटारावरून उडाली. कोंबड्याने आयुष्यभर जे कधी केलं नव्हतं ते केलं, उडाला आणि परत आला नाही. मास्तरांनी डोळे मिटले. काविरा दारात पोटावर हात ठेवून बसलेली त्यांना दिसली, एकटी. माझ्यामुळे एकटी, असं त्यांना वाटलं आणि खरंच रडू कोसळलं.

मग धप्प असा मोठा, मऊ आवाज झाला.

उताराच्या पायथ्याशी लाकूड कापणारे बसतात. त्यांचा भुशाचा ढीग माणसाच्या दुप्पट उंच होता. गाडी त्यात नाकासमोर घुसली आणि दिसेनाशी झाली. करवतवाल्याचा हात अर्ध्यावर थांबला.

भुसा खाली बसत गेला तसं आधी पलंगाचं एक टोक दिसलं. मग नवा फडका. मग सासूबाई, पलंगावर तशाच ताठ बसलेल्या, पिवळ्या धमक. आणि मग लोकांनी जे पाहिलं त्याने बायकांनी तोंडावर हात घेतले, म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. मास्तर सासूबाईंच्या मांडीवर होते. दोन्ही हात त्यांच्या गळ्यात.

मास्तरांनी डोळे उघडले. चार बोटांवर सासूबाईंचे डोळे. तीन वर्षांत एकदाही न पाहिलेले. ते काविराच्या डोळ्यांसारखेच होते, पण त्यांत दया नव्हती.

"उठा," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर उठले. कासेरेका धापा टाकत पोचला.

"मास्तर, बाई म्हणाली सोड, म्हणून..."

"कुठली बाई?"

"बोकडाची."

बोकडाचं नाव निघताच सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, की मास्तरांनी पुढचा प्रश्न गिळला. तीन वर्षांनीसुद्धा बोकडच आडवा आला होता.

सासूबाईंनी भुशातून एकेक वस्तू काढून बघितली. पातेली सहाच्या सहा. पाटा शाबूत. उखळाला काही झालं नव्हतं, उखळाला कधीच काही होत नाही. कोंबडा नव्हता. पलंगाचा एक पाय नव्हता. मग त्या वळल्या आणि टेकडीकडे, आपल्या घराकडे, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. अट मास्तरांना पाठ होती. वेडंवाकडं झालं तर मागे फिरेन. याहून वेडंवाकडं काय होणार? त्यांनी हात जोडले.

"आई, मला काय बोलायचं ते बोला. लंगडा बोकडही माझीच चूक होती. पण परत जाऊ नका. ती घाबरलीय हो. रोज रडते. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि तो का नाही, हे तुम्ही आता बघितलंतच."

सासूबाईंनी फडका झटकला, डोक्याला बांधला आणि चालू लागल्या. खालच्या बाजूला, लेकीच्या घराकडे. मास्तर एका पायात चप्पल घालून मागे.

काविरा दारातच होती. पिवळी आई आणि पिवळा नवरा बघून ती किंचाळली.

"आई! काय झालं गं? हे काय केलंत अहो?"

"मी... दोन फेऱ्या..." मास्तर म्हणाले.

"बस खाली," सासूबाई लेकीला म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं. काविरा आईच्या भुशाने भरलेल्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. इतक्या दिवसांची भीती होती, ती सगळी निघाली. मास्तरांनाही गहिवरून आलं. ते कुठं उभं राहावं हे न कळून दाराच्या मागे उभे राहिले.

"आई, तू थांबशील ना? एक महिना तरी?"

"एक महिना?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, मी एक महिना म्हणाले होते तेव्हा हा माणूस मी पाहिला नव्हता. आज पाहिला. माझं नातवंड या माणसाच्या हाती देऊन मी जाईन? मी आता इथून हलत नाही. पोर चालायला लागेपर्यंत नाही, शाळेत जाईपर्यंत नाही. जन्मभर नाही!"

काविराचा चेहरा असा उजळला, की मास्तरांना वाटलं, चला, हरलो तरी जिंकलो. तेवढ्यात कासेरेका आणि करवतवाला पलंग घेऊन आले. तीन पायांचा पलंग, चौथ्याच्या जागी वीट लावून, आतल्या खोलीत लावला. खोलीत पलंग मावला, पलंगावर सासूबाई आणि काविरा मावल्या, आणि मग खोली संपली.

सासूबाईंनी उशी सारखी केली, घरभर एकदा नजर फिरवली, आणि दारामागे उभ्या असलेल्या मास्तरांकडे हनुवटी करून लेकीला हळूच विचारलं,

"आणि हे किती दिवस राहणार आहेत म्हणालीस?"